ओरगडमच्या रांगेतले यजमान

नाशकात एक जागा निघाली की अख्खी कॉलनी अर्ज करते. डिप्लोमा होऊनही धाकटा भाऊ नीलेश घरीच होता. चेन्नईजवळच्या ओरगडमच्या एका कारखान्यातून त्याला मुलाखतीचं बोलावणं आलं, तेव्हा मीही बॅग भरली. त्याची मुलाखत, माझा समुद्र!

रेल्वेचा प्रवास लांबलचक आहे. पोळ्या-चटणी सोबत ठेवाच. चेन्नई सेंट्रलहून गिंडीला थेट मेट्रो जाते, स्वस्त आणि गारेगार. तिथे मैत्रिणीच्या ओळखीतल्या लक्ष्मीमामींकडे उतरलो. मूळचं तंजावरचं मराठी घर. त्यांचा मुलगा श्रीधर ज्या छोट्या वर्कशॉपमध्ये होता, ते नुकतंच बंद पडलेलं. तरी मामींनी गरम भात आणि उडदाचं पीठ दह्यात कालवून केलेली डांगराची पचडी आग्रहाने वाढली. श्रीधरने आपली खोली नीलेशला दिली.

सकाळी श्रीधर रस्ता दाखवायला आला. तांबरमहून ओरगडमची बस मिळते. लवकर निघा, नाहीतर उभ्याने जाल. गेटवर पोचलो, तर ही लांब रांग. बिहार, ओडिशा, आसपासची गावं, सगळीकडची पोरं, आणि जागा मोजक्याच. एकजण तमिळमध्ये चिडून काहीतरी बोलला.

"हेच्या गावात कारखाना, हेलाच काम नाही म्हणतो," श्रीधरने हळूच सांगितलं. मग पिशवीतून स्वतःची फाइल काढून तो नीलेशच्या मागे उभा राहिला.

"तूसुद्धा?"

"होय अक्का. अदोगर सांगट्लों अस्तों तर तुमी लॉजला गेले अस्ते."

संध्याकाळी फोन आला. नीलेशची निवड झाली होती, श्रीधरची नाही. हसावं की तोंड लपवावं, मला कळेना. मामी मात्र उठून रव्याची केसरी करायला लागल्या.

"मामी, तुमच्या घरात आलेलं काम आम्ही नेलं हो."

"आमचे वाडवडील हिकडं आले, तेव्हां त्यानलाबी कोणीतर जागा दिलं की. खा." डोळे पदराला पुसून त्यांनी मला आणखी वाढलं.

दुसऱ्या दिवशी समुद्र पाहिला. छान आहे, जाच. पण मनात ती केसरीच होती. इतक्या मोठ्या मनाची माणसं मला भेटली, हे माझं भाग्य.

नीलेश अजून मामींकडेच राहतो. गेल्या आठवड्यात इथे नाशकात, अंबडच्या एका कंपनीत लेथवर माणूस हवा असल्याचं कळलं. समोरच्या काकूंच्या मुलाला सांगितलं आणि श्रीधरलाही फोन लावला. तो काल आला, आमच्या पुढच्या खोलीत उतरलाय. उद्या दोघांचीही मुलाखत आहे. जागा एकच आहे, हे दोघांना आधीच सांगितलंय. रिक्षाही एकच सांगितलीय.