भावकीच्या ग्रुपवर गेलेला माझा आवाज

"वहिनी, ते आत्ताच्या आत्ता पुसा!" फोनवर माझा चुलत दीर ओरडत होता. "सगळ्या भावकीनं ऐकलं. उद्या सुपारी फोडून लग्न पक्कं करायचं हाय. पोराकडच्यांना काय तोंड दाखवू?"

मी शेतात कोथिंबिरीच्या जुड्या बांधत होते. मी बोलले होते ते माझ्या बहिणींशी. मला टाइप करायला फार वेळ लागतो, म्हणून मी बोलूनच पाठवते. ग्रुप ओळखते फोटोवरून. बहिणींच्या ग्रुपला वणीच्या देवीचा फोटो आहे. नवरात्रात कुणीतरी भावकीच्या ग्रुपलाही तोच लावला. मी देवी पाहिली आणि बटण दाबलं.

दिराची नात दहावीला होती. सोळावंही पुरं नव्हतं. तिला दिंडोरीकडच्या द्राक्षबागवाल्याच्या मुलाला द्यायचं ठरलं होतं. ती माझ्याकडे येऊन रडली. "आजी, मला अकरावीला जायचंय. तुम्ही बोला ना कुणाशी तरी." तेच मी बहिणींना सांगत होते. सांगता सांगता दिराला 'बागेवर भाळलेला म्हातारा' म्हणाले, तेही गेलं.

सून धावत आली. "आत्याबाई, द्या इकडं फोन. अजून सगळ्यांसाठी डिलीट होतं."

"हात लावू नको."

"अहो, पण चुकून गेलं ना?"

"गेलं चुकून. बोलले ते चुकून नाय."

संध्याकाळी दिराच्या घरी बैठक बसली. आमच्याकडे बैठकीत बायका चहा देतात आणि दारामागे उभ्या राहतात. निकाल पुरुष लावतात. फोनमध्ये दार नसतं. मी बैठकीला गेलेच नाही. ओट्यावर बसून पुन्हा बटण दाबलं, या वेळी नीट बघून. म्हणाले, "पोरगी लहान हाय. उद्या सुपारी फुटली तर पोलिसांना मी सांगणार. कुणाला माझं तोंड बंद करायचं असेल त्यानं समोर यावं."

समोर कुणी आलं नाही. फोनमध्ये मात्र सगळे शूर झाले. एका पुतण्यानं म्हशीचा फोटो टाकला आणि खाली माझं नाव लिहिलं. त्याखाली हसणारी तोंडं. ज्यांना मी कडेवर खेळवलं, त्यांचीही. "म्हातारीचं डोकं फिरलं" हे वाचायला मला बराच वेळ लागला, पण वाचलं पुरतं. माझा आवाज पुढे पुढे जात बाजारात पोचला. शेजारी बसणारी भाजीवाली गिऱ्हाइकासमोर माझी नक्कल करायची. "काय गं, आज कोण भाळलं?"

तोच आवाज दिंडोरीलाही पोचला. मुलाचा बाप कायद्याला घाबरला की माझ्या तोंडाला, मला माहीत नाही. त्यानं सोयरीक मोडली.

मला ग्रुपमधून काढलं. आता भावकीतल्या हळदीचंही बोलावणं येत नाही. न येऊ दे, माझ्या घरी चूल पेटते. दीर मला पाहिलं की रस्ता बदलतो. मी बदलत नाही. पोरगी अकरावीला जाते.

सून म्हणते, हा फोन वाईट. वाईट आहेच, मला म्हैस त्यानंच केलं. पण दारामागून माझा आवाज दिंडोरीला गेला नसता, हेही ती जाणते. म्हणून अजून फोन माझ्या पिशवीत असतो.

दीर लोकांपाशी विचारतो, "दुसऱ्याच्या पोरीच्या लग्नात हिचं काय जात होतं?"

मला चौथीतून काढलं. तेराव्या वर्षी लग्न लावलं. पंधराव्या वर्षी पहिलं बाळंतपण झालं. मूल गेलं. मी राहिले.