वन्संच्या गोळ्या

लाँड्री नणंद-भावजयीची होती. भाऊ कपडे घरोघरी पोचवायचा, धुणं आणि गिऱ्हाईक वहिनीकडे, आणि वाफेच्या इस्त्रीपाशी वन्सं. त्यांनी लग्न केलं नव्हतं. कुणी फारच खोदून विचारलं तर म्हणायच्या, "कोट उलट बोलत नाहीत, ते बरे." त्यांच्या हातची कॉलर अशी बसायची की कोट अंगात घालताच पोक काढणारं गिऱ्हाईकही ताठ व्हायचं.

पन्नाशी उलटल्यावर ओल्या फरशीवर पाय घसरून त्यांचं मनगट मोडलं. डॉक्टरांनी काही महिन्यांसाठी कॅल्शियमच्या आणि ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या. हाड जुळलं, ते महिने सरले, गोळ्या मात्र चालूच राहिल्या. आपला हात वाचला तो गोळ्यांमुळेच, हे वन्संच्या मनाने पक्कं घेतलं होतं. एकीच्या दोन झाल्या. मग केसांसाठी वेगळी आली, थकव्यासाठी वेगळी. दुपारचं जेवण सुटलं ते तेव्हापासून. "गोळीत सगळं असतं," म्हणत त्या चहाच्या घोटाबरोबर मूठभर गोळ्या गिळायच्या आणि पुन्हा इस्त्री धरायच्या. वहिनीच्याही तळहातावर रोज दोन ठेवायच्या. वहिनी हात तोंडाशी नेऊन "घेतल्या हं" म्हणायची.

तयार कपडे वर पोटमाळ्यावर टांगलेले असत. पुढे पुढे तो जिना चढताना वन्संना धाप लागू लागली. डॉक्टरांना दाखवा म्हणून वहिनी मागे लागली, तर वन्संनी थकव्याची आणखी एक गोळी वाढवली. शेवटी एका सकाळी काळ्या कोटाची बाही ओढताना त्यांच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. तेवढ्यातही त्यांनी इस्त्री नीट स्टँडवर ठेवली आणि मगच खाली कोसळल्या.

डॉक्टरीणबाईंनी छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं, मग हृदयाची सोनोग्राफी केली. हृदयातून रक्त बाहेर पडतं तिथली झडप कॅल्शियम साचून कडक झाली होती, पुरती उघडतच नव्हती. ती बदलावी लागणार होती.

वन्संनी पर्समधल्या डब्या टेबलावर मांडल्या. "हे यांनी झालं का?"

"सगळं खापर गोळ्यांवर फोडता येणार नाही," बाई म्हणाल्या. "वय आहे, रक्तदाब आहे. वरून कॅल्शियम घेणाऱ्यांची झडप लवकर बिघडते, असं काही अभ्यासांत दिसलंय, काहींत नाही. तुमच्या बाबतीत काय झालं ते मला खात्रीने सांगता येत नाही. पण एवढ्या गोळ्यांची गरज तुम्हाला नव्हती. रक्त तपासू, लागेल तेवढंच देईन. घरात आणखी कोण घेतं?"

"ही घेते की."

वहिनीने मान खाली घातली. "मी नाही घेतल्या कधी. मोरीत टाकत होते."

वन्संनी डब्या एकेक करून पर्समध्ये परत टाकल्या. परतताना त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या. पुढचे काही दिवस दोघींचं बोलणं "निळा शर्ट कुणाचा" एवढ्यावरच चाललं. आपल्याला इतकी वर्षं फसवलं, हे वन्संना झडपेपेक्षा जास्त लागलं होतं.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी इस्पितळाची पिशवी भरताना त्यांनी विषय काढला. "तुला पटत नव्हतं, तर मला सांगितलं का नाहीस?"

"तुमचं मन मोडवेना, वन्सं. इतक्या प्रेमाने द्यायचात."

"माझं मन सांभाळलंस, मला नाही," वन्सं म्हणाल्या. वहिनीने घडी केलेला टॉवेल उलगडून त्याची पुन्हा घडी घातली. तिचे डोळे भरले होते. मग वन्संनीच तो तिच्या हातातून घेतला. "तुला घडी कधी जमलीच नाही."

ऑपरेशन सुखरूप पार पडलं. घरी आल्यावर मात्र वन्संनी दुसरं टोक गाठलं. दूध बंद, दही बंद, अंडंसुद्धा नको. कॅल्शियमचं नाव काढलं की तोंड फिरवायच्या. एरवी वहिनी गप्प बसली असती. या वेळी तिने पेला पुढ्यात ठेवला आणि म्हणाली, "हे मला पटत नाही. साधं जेवायचं, असं बाईंनी तुमच्यासमोर सांगितलंय. दूध प्या."

भाऊ दारात थबकला. आपली बायको बहिणीला असं बोलताना त्याने कधी ऐकलं नव्हतं. वन्संनी पेला उचलला, साखर कमी आहे म्हणाल्या आणि प्यायल्या.

आता त्या फक्त शर्ट करतात, जड कोट वहिनी करते आणि वन्संची बोलणी खाते. गुडघे दुखतात म्हणून गिऱ्हाईक आलं की सल्ला त्यांच्या ओठांवर येतो. मग त्या "आधी डॉक्टरांना विचारा" एवढंच म्हणून पावती फाडतात. दुपारी शटर अर्धं खाली ओढून तिघं जेवायला बसतात. वन्सं जेवायला अजून फार वेळ लावतात, भाऊ घड्याळाकडे बघत राहतो, आणि बाहेर कुणीतरी वाकून विचारतं, दुकान उघडं आहे का.