दगड होता तसा

चिखल्याच्या किनाऱ्यावरच्या खडकांत चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, धरायला मला मी शिकवते त्या शाळेमागे राहणाऱ्या एका मावशीने शिकवलं. ओहोटीला ती पुढे, मी मागे. दगड उलटताना ती आतल्या चिंबोरीशी भांडल्यासारखी बोलायची. अंड्यांनी भरलेली निघाली की, "जा, बाळंतपण उरकून ये," म्हणत सोडून द्यायची. एकदा मी दगड उलटाच ठेवून पुढे गेले, तर केवढ्याने ओरडली, "बाई, कोणाचं छप्पर उघडं टाकून चाललीस?"

यंदा दगडांखाली नुसता काळा गाळ निघतो. काल ती एकेक दगड उलटत गेली आणि तसाच टाकत गेली. मी मागून ते सरळ करत होते.

"सोड, बाई," ती वळूनही न बघता म्हणाली. "आत कोण राहतंय आता?"