एका वेळी एकच साडी

बाळांनो, तुमच्या विजूकाकाच्या, म्हणजे माझ्या लेकाच्या, दिग्रसच्या दुकानात साड्या वर्षानुवर्षं टिकत. माणसं टिकत नसत. (कारण मी, हे मला सोडून सगळ्या बाजाराला ठाऊक होतं.)

दुपारी दुकानात बसू लागले आणि मी शिस्त आणली. गिऱ्हाईक आलं की उभं राहायचं, नमस्कार करायचा, आणि एका साडीची घडी झाल्याशिवाय दुसरी उघडायची नाही!

"काकू, घड्याच घालत बसलो तं साड्या इकन कोन?" सगळ्यांत जुनी विक्रेती मंदा म्हणाली आणि समोरच्या दुकानात कामाला लागली. तिच्यानंतरची पोळ्याआधीच गेली. त्यानंतरची जेवायला गेली, ती अजून जेवतेच आहे! नव्या मुलीला पैठणी कुठे नि परकर कुठे हे कळेपर्यंत तीही जाई. जुनी गिऱ्हाइकं पायरीवरूनच विचारत, "मंदा नाही का?" आणि रस्ता ओलांडत.

अशात लग्नाचा बस्ता आला! नवरीच्या शालूपासून मानापानाच्या साड्यांपर्यंत सगळी खरेदी एकदम. हा बस्ता गेला असता, तर विजूचा हंगामच गेला असता. आणि दुकानात आम्ही दोघंच.

"आई, तू फक्त पाणी दे," विजू म्हणाला. मी थेट गादीवर जाऊन बसले.

एक साडी दाखवली.

"दुसरी दाखवा."

"आधी हिची घडी होऊ द्या." काठाला काठ लावून मी घडी घातली. बस्त्याला साड्यांचा डोंगर लागतो हो. त्याशिवाय पाहुण्यांना मान मिळाल्यासारखं वाटत नाही. माझ्यापुढची गादी मात्र स्वच्छ, रिकामी!

नवरीची आत्या कडाडली, "बाई, साड्या दाखवून राह्यल्या का लपवून राह्यल्या? उठा वं समद्या! इथं पोरीची हळद वाळून जाईन!"

विजू अनवाणी समोरच्या दुकानात धावला. मंदा आली, पण पायरीवरच थांबली.

"दादा, काकू आत हायेत तोवर मी नाही येत."

विजू माझ्याकडे वळला. "आई, तुले भूक लागली असंन ना?"

"मुळीच नाही."

"लागली आहे, आई!"

मी पायरी उतरते तोच मंदाने एका झटक्यात पाच-सहा साड्या गादीवर उधळल्या. आत्याबाई चपला काढून पुन्हा मांडी घालून बसल्या. विजूने चहा सांगितला. मला सोडून सगळ्यांना!

मंदा अजून विजूच्या दुकानात आहे. आणि फुकट काम करूनही कामावरून काढून टाकलेली आपल्या घराण्यातली मी पहिलीच!