मुकादमबाईंचे रिकामे हात

माझी धाकटी बहीण पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या कारखान्यात मुकादम होती, आणि निवृत्त झाल्यावरही तिने मुकादमी सोडलेली नाही; फक्त हाताखालची माणसं बदलली. दुसऱ्याचा हळू चाललेला हात तिला बघवत नाही. कारखान्यात एखादी नवी मुलगी खोकं दुमडताना अडखळली की, "आण इकडे," म्हणायची आणि स्वतः दुमडून मोकळी. माझ्या हातातली सुरीही भाजी चिरता चिरता अशीच गेलेली आहे. घरात सगळे तिला मुकादमच म्हणतात. तिचा मुलगासुद्धा, अर्थात पाठीमागे.

तिला नातू झाला. सुनेची आई केव्हाच गेलेली, त्यामुळे बाळंतपण हिनेच अंगावर घेतलं. बाळाची अंघोळ, लंगोट, झोपवणं, सगळं हिच्याकडे. पाजण्यापुरतं बाळ सुनेकडे, पाजून झालं की ढेकर काढायला लगेच हिच्या खांद्यावर. सुनेने उचलायला हात पुढे केले की, "आण इकडे, मान सांभाळावी लागते." येणारे-जाणारे म्हणायचे, सून नशीबवान, इकडची काडी तिकडे करावी लागत नाही.

एका दुपारी मी गेले तेव्हा बहीण बाळाला घेऊन गॅलरीत येरझाऱ्या घालत होती. सून आत पलंगाच्या कडेला बसून झबल्यांच्या घड्या घालत होती, मोडत होती, परत घालत होती. एरवी चष्म्याच्या दुकानात नोकरी करणारी, आढ्यताखोर गिऱ्हाइकालाही बोलता बोलता गुंडाळणारी ही मुलगी. केस विंचरलेले नव्हते, ताटातलं तसंच पडलेलं.

"जेवली नाहीस?"

"भूक नाही, मावशी."

"झोप तरी?"

"बाळ झोपलं तरी मला लागत नाही." मग खाली बघत म्हणाली, "आईंकडे छान राहतं ते. मी नसले तरी त्याचं काही अडणार नाही."

असल्या वाक्यावर लोक 'असं बोलू नये' म्हणतात आणि चहा टाकायला उठतात. मला असली आडवळणं जमत नाहीत. मी सरळ विचारलं, "नसले म्हणजे काय? जीव द्यावासा वाटतो?"

तिने झबलं बाजूला ठेवलं. "वाटतं. रोज नाही."

मी बहिणीला आत बोलावलं आणि सुनेला विचारून तिच्यासमोरच सांगितलं. बहीण आधी चिडलीच.

"हिला काय कमी आहे गं या घरात? बोटसुद्धा हलवू देत नाही मी."

"आवाज खाली. आजारी आहे ती. डॉक्टरकडे न्यायचं, आत्ताच."

"अगं ताई, बाळंतीण रडतेच. आपण नाही रडलो?"

"रडलो. मरायला नव्हतो निघालो."

तेव्हा कुठे ती मुलाला कामावरून बोलवायला फोन शोधू लागली.

मनाच्या आजारांच्या डॉक्टरीणबाईंनी सुनेचं शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाल्या, हा आजार आहे, बाळंतपणानंतर बऱ्याच जणींना होतो, कोणाच्या चुकीने होत नाही, आणि बरा होतो. अंगावर पाजताना चालेल अशी गोळी दिली, नियमित बोलायला यायला सांगितलं, तूर्त एकटं सोडू नका म्हणाल्या. मग विचारलं, "बाळाचं कोण करतं?"

"सगळं मी," बहीण ताठ बसून म्हणाली.

सून हळूच बोलली, "आईंना जमतं. मला जमत नाही. त्याला मी कशाला हवी?"

बहीण वळून तिच्याकडे बघू लागली.

"घरातलं बाकीचं करा, तिला झोप मिळेल असं बघा," डॉक्टरीणबाई बहिणीला म्हणाल्या. "पण तिची तयारी असेल तेव्हा बाळ तिच्या हातात राहू द्या. तुम्ही शेजारी बसा."

"नुसती बसू?"

"नुसत्या बसा."

दगड फोडायला सांगितले असते तर हिला परवडलं असतं. पहिल्या अंघोळीला बाळ हातातून सुळसुळतंय, सून घामाघूम, आणि बहीण स्टुलावर दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसलेली. तोंडाचं काय करायचं ते डॉक्टरीणबाईंनी सांगितलं नव्हतं, त्यामुळे सूचना चालूच. शेवटी मी म्हणाले, "आता तोंडावरही बस." सुनेच्या ओठाचा कोपरा किंचित हलला. मुलगाही रात्री उठून ढेकर काढायला शिकला. बाप झालाय, शिकायलाच हवं.

गोळी म्हणजे जादूची कांडी नव्हे. बरे दिवस येऊ लागले, मध्येच वाईटही. बहिणीला धास्ती एकच होती, ही पुन्हा मनातलं मनात ठेवील आणि आपल्याला पत्ता लागणार नाही.

परवा सकाळी मी तिथेच होते. सून बाळाला घेऊन खोलीच्या दारात आली.

"आई, आज बरं नाही. डोक्यात परत तेच येतंय."

बहिणीचे हात आपसूक बाळाकडे गेले.

"त्याला नका घेऊ. माझ्याजवळ बसा. आणि डॉक्टरीणबाईंना फोन लावा."

बहीण तिच्या शेजारी पलंगावर टेकली. फोन लावून तिच्या कानाशी धरला, दुसरा हात तिच्या पाठीवर ठेवला. स्वयंपाकघरातून दूध उतू गेल्याचा करपट वास आला. शेजारच्या घरात उतू गेलं तरी उठून जाईल अशी ही बाई, पण तिने मानही वळवली नाही. गॅस मी बंद केला.