नव्या पुस्तकांचा वास

आज एक मे. झेंडावंदन झालं, निकाल वाटून झाले, माझ्या वर्गातली पोरं घराकडं पळाली. मी पुढच्या वर्षीच्या पुस्तकांचा गठ्ठा सोडला आणि कोऱ्या कागदाचा वास वर्गभर पसरला. सगळ्यांना आवडणारा हा वास मला मात्र सोसवत नाही.

लहानपणी शेजारची सुनंदा शाळेत माझ्या एक वर्ष पुढं होती. दर निकालाला ती आपली पुस्तकं मला द्यायची आणि मी रुसायचे, कारण मला एकदा तरी नवी हवी होती. त्या वर्षी ती सातवी पास झाली. शाळेतल्या लिंबाखाली तिनं पुस्तकं माझ्या हातात ठेवली. नेहमीसारखे अवघड शब्दांचे अर्थ समासात पेन्सिलीनं बारीक लिहिलेले होते.

"आठवीचेबी जपून वापर गं," मी ऐटीत म्हणाले.

ती चपलेनं माती उकरत राहिली. आमच्या गावात शाळा सातवीपर्यंतच होती, पुढं शिकायला बोरीला जावं लागायचं.

"घरचे मला बोरीला न्हाई धाडायलेत. आठवीला तुला नवेच मिळतेल बघ."

मी आनंदानं उड्या मारत घरी गेले.

वर्षभरानं नवी पुस्तकं आली. मी एकेक पान उलटत गेले. सगळे समास कोरे होते.