कोपराला हात लावू नका

सोमवारी सकाळी सोमाचा कोपर पुन्हा गरम लागला.

शनिवारी मी त्याला घरी पाठवलं तेव्हा तो गार होता. सूज जवळजवळ उतरली होती. उजव्या हाताची बोटं तोंडापासून चार बोटांवर येत होती. मी कार्डावर असंच लिहीत असे. कोनाचे अंश सोमाला कळत नव्हते, पण घास तोंडापासून किती लांब राहतो हे त्याला चांगलं कळत होतं. सोमवारी तेच अंतर सात बोटं भरलं. कोपराच्या पुढच्या बाजूवर तळवा ठेवला तर ताप आलेल्या कपाळासारखं लागत होतं.

"सोमा, रविवारी काय केलंस?"

"काई नाई बाई. बसूनच होतो."

"बसल्या बसल्या हात सुजतो?"

"सुजला असन बाप्पा. थंडी पडून राह्यली ना."

हा सलग तिसरा सोमवार होता. आठवडाभर मी कमवायचं आणि रविवारी कोणीतरी सगळं घालवायचं, असं चाललं होतं.

पन्नास साल उलटून सात-आठ वर्षं झाली होती. चांद्याजवळच्या एका कोळशाच्या खाणीच्या दवाखान्यात मी नोकरी करत होते. मुंबईला फिजिओथेरपी शिकून मी थेट इथे आले होते. फिजिओथेरपी म्हणजे व्यायाम, शेक आणि हालचालींच्या साहाय्याने अडलेलं अंग पुन्हा कामाला लावणं. हे मी पहिल्या महिन्यात किमान पन्नास लोकांना समजावून सांगितलं. पन्नासही जणांनी मान डोलावली आणि बाहेर जाऊन सांगितलं, "मालिशवाली बाई आली."

माझी खोली म्हणजे औषधांच्या कोठाराचा अर्धा भाग. एक लाकडी टेबल, छताला कप्पी आणि दोर, शेकायला एक दिवा. दिवा वीज असली तर चालायचा.

सोमा टिंबरमन होता. खाणीतला कोळसा काढला की वरचं छत मोकळं पडतं. त्याला लाकडी खांबांचे टेके देतात. तो टेका देणारा माणूस म्हणजे टिंबरमन. छताखाली सगळ्यांच्या आधी तो जातो आणि त्याच्या भरवशावर बाकीचे जातात. सोमा मूळचा नागभीडकडचा. धानाची शेती भावाकडे ठेवून इथे आला होता. वय पस्तीसच्या आसपास. एका खांबाचा तोल गेला, तो उजव्या हातावर पडला आणि कोपराचा सांधा निखळला.

आमच्या डॉक्टरसाहेबांनी सांधा जागेवर बसवला. ते काम त्यांनी चोख केलं होतं. तीन आठवडे हात प्लास्टरमध्ये राहिला. प्लास्टर निघालं तेव्हा कोपर काटकोनात अडकलेला होता. सरळ होईना, दुमडेना. असं होतंच. अशा वेळी रुग्णाने स्वतःच्या ताकदीने, दुखेल तिथे थांबत, दिवसातून अनेकदा थोडं थोडं हलवायचं. दुसऱ्याने धरून ओढायचं नाही. आणि मालिश तर अजिबात नाही.

कोपराचं हे एक वेगळंच तंत्र आहे. पाठ, मांडी, पोटरी चोळली तर बरं वाटतं. मार लागलेला कोपर चोळला, ओढला, तर पुढच्या स्नायूत रक्त साकळतं आणि त्या जागी हाड धरायला लागतं. मऊ मांसात हाड. ते एकदा पक्कं झालं की बिजागरीत खिळा अडकल्यासारखा हात कायमचा अडतो.

हे मी डॉक्टरसाहेबांना सांगायला गेले. ते चांगले होते, पण घाईत असत. दोन खाणींचे मिळून चारेकशे कामगार त्यांच्याकडे होते.

"बाई, मॅनेजर विचारतात. सोमा कधी फिट?"

"सांगता येत नाही सर. कोपर दर सोमवारी गरम येतो."

"मग मालिश करा की. मोकळा होईल."

"सर, कोपराला मालिश करायचं नसतं."

"मग तुम्ही तिथे करता काय?"

याचं उत्तर माझ्याकडे होतं, पण त्यांच्याकडे ऐकायला वेळ नव्हता. "महिनाअखेर फिट, नाहीतर अनफिट. मला एक काहीतरी लिहून द्यावं लागेल," असं म्हणून त्यांनी पुढच्या रुग्णाला हाक मारली. अनफिट लिहिलं की सोमाची नोकरी जाणार आणि खाणीची खोलीही सोडावी लागणार. हे त्यांनाही ठाऊक होतं आणि मलाही.

त्या शनिवारी बोटं परत चार बोटांवर आली. मी ठरवलं, रविवारी स्वतःच जाऊन बघायचं.

सकाळी नऊच्या सुमारास मी कामगारांच्या खोल्यांच्या लायनीत पोचले. सोमाची खोली शोधावी लागली नाही. त्याचा आवाज येत होता. "अवं माय वं! मेलो!"

सोमा ओट्यावर मांडी घातल्यासारखा वाकडातिकडा बसला होता. त्याची बायको कौसल्या त्याच्या हाताला मोहाच्या टोळीचं, म्हणजे बियांचं, कोमट तेल लावून दोन्ही अंगठ्यांनी कोपर रगडत होती. शेजारचा एक धट्टाकट्टा माणूस मनगट धरून हात सरळ ओढत होता. बाजूला ओल्या रेतीने भरलेली बादली होती.

"हे काय चाललंय?"

कौसल्या दचकली नाही. उलट तिला बरं वाटलं. "या बाई, बसा. पाहा ना, कसा अखडून गेला हात. आमच्या माहेरी पोंभुर्ण्याकडं एक वैद्य हाय, त्यानं तेल देल्लं. हप्त्यातून एकदाच चोळा म्हणे, पन जोर लावून."

"आणि ही बादली?"

"थे मंग. तेल झाल्यावर बादली धरून फिरायचं. वजनानं हात सरका, सीधा होते म्हणते."

"सोमा! तू मला म्हणालास काही नाही केलं?"

सोमाने खाली बघितलं. "बाई, मी कुठी काई करून राह्यलो? हेच करून राह्यले सगळे."

व्याकरणाच्या दृष्टीने त्याचं बरोबर होतं. मी बादली पायाने बाजूला सरकवली आणि बोलायला तोंड उघडणार, इतक्यात मागून सायकलची घंटी वाजली. आमचे कंपाउंडर रहमानभाई उतरले. त्यांच्या हातात दवाखान्यातल्या चोळायच्या औषधाची बाटली होती. मला बघून ते जागीच थांबले.

"रहमानभाई, तुम्ही?"

"बाई... थे... डॉक्टरसाहबनं सांगतलं. बाई मालिश नाई करत, तं तुम्ही रविवारी जाऊन लिनिमेंटनं जरा चोळून द्या. मी आपलं हुकूम..."

मी ओट्यावर बसले. एका कोपरावर एका सकाळी चार इलाज. तेल, ओढणं, बादली, लिनिमेंट. आणि सोमवारी दिव्याखाली मी. मला इतका राग आला होता की कोणावर काढू हेच कळत नव्हतं. वाईट हेतूचा एकही माणूस तिथे नव्हता. सगळे त्याचा हात बरा करायलाच जमले होते.

सोमवारी मी डॉक्टरसाहेबांच्या टेबलासमोर उभी राहिले. या वेळी बाहेरच्या रांगेकडे लक्ष दिलं नाही.

"सर, तुम्ही रहमानभाईंना मालिश करायला पाठवलंत."

"हो. कोणीतरी करायला हवं होतं."

"एक्स-रे काढायला परवानगी द्या. त्यात काही दिसलं नाही तर मी स्वतः मालिश करीन. दिसलं तर कोणीच करायचं नाही."

ते माझ्याकडे बघत राहिले. मी चोवीस वर्षांची होते. त्यांनी चिठ्ठी लिहिली. आमच्याकडे एक्स-रेचं यंत्र नव्हतं. सोमाला बसने चांद्याला पाठवलं. संध्याकाळी तो काळा कागद काखेत धरून परत आला.

डॉक्टरसाहेबांनी फिल्म खिडकीच्या उजेडाला धरली. कोपराच्या पुढे, जिथे काहीच दिसायला नको, तिथे धुरासारखा एक पांढुरका डाग होता.

मग फिल्म खाली ठेवून ते म्हणाले, "हे मी पुस्तकात वाचलं होतं. बघितलं नव्हतं." आणि थोड्या वेळाने, "आता?"

"आता काही करायचं नाही. हात झोळीत. कोपर थंड पडेपर्यंत व्यायामसुद्धा नाही. फक्त बोटं आणि खांदा हलवायचा."

"आणि मॅनेजरला काय सांगू?"

"ते मला माहीत नाही सर."

त्यांनी पेन उघडलं. 'उपचार चालू. मुदतवाढ आवश्यक. विलंब दवाखान्याकडून.' शेवटचे दोन शब्द त्यांनी मी न सांगता लिहिले. त्यांच्याबद्दल माझ्या मनात जो राग होता, त्यातला बराचसा त्या दिवशी गेला.

खरी लढाई कौसल्येशी झाली. डॉक्टरला फिल्म दाखवता येते. तिला दाखवली तर म्हणाली, "मले हे काई समजत नाई बाई. इतकं समजते का माणूस घरात दुखण्यानं कन्हत बसला, अन् मी हात नाई लावायचा. लोक का म्हणन?"

"हात लावलास तर दुखणं वाढतं."

"दुखल्याबिगर मोकळं होते का?"

हा प्रश्न मला त्या जिल्ह्यात दर दिवशी विचारला गेला आणि आजही लोक विचारतात. मी तिला सांगितलं, व्यायाम करताना थोडं दुखतं, पण थांबलं की तासाभरात उतरतं. ते चालतं. दुसऱ्या दिवसापर्यंत ठणकत राहिलं तर ते मोकळं होणं नाही, ती नवी जखम. ओली भिंत रोज खरवडली तर वाळेल कधी?

तिला पटलं नव्हतं. मग माझ्या लक्षात आलं, तिला रिकामं बसवून चालणार नाही. तिच्या हातांना काम हवं. मी एक लाल कापड घेतलं आणि सोमाच्या कोपरावर वर चार बोटं, खाली चार बोटं असं सैलसर गुंडाळलं.

"हे बघ. मान, खांदा, तळवा, बोटं, सगळं तुझं. दिवसातून दोनदा चोळ. तेल कुठलंही लाव. लाल कापडाखाली तुझं बोटसुद्धा जायला नको. दुसऱ्या कोणाचंही जाऊ देऊ नकोस. दर तासाला त्याच्याकडून बोटं उघडमीट करून घे, आणि ठणकलं की गार पाण्याची पट्टी."

"मी पाहतो मंग, कोण येते तं," कौसल्या म्हणाली. बाया तिकडे 'पाहतो' म्हणतात. तिने खरंच पाहिलं. शेजारच्या पहिलवानाला तिने ओट्यावर चढू दिलं नाही. पोंभुर्ण्याहून आलेला तिचा सख्खा मामा तेलाची बाटली घेऊन परत गेला. रहमानभाई मला सांगत, "बाई, थ्या घरी आता मले पाणीसुद्धा दुरूनच भेटते."

तीन सोमवार गेले. कोपर गार येऊ लागला. आणखी काही आठवड्यांनी दुसरा एक्स-रे काढला. डाग गेला नव्हता, पण आकसून त्याच्या कडा स्पष्ट झाल्या होत्या. म्हणजे नवीन हाड धरायचं थांबलं होतं. आता हळूहळू हलवायला हरकत नव्हती. सोमाने स्वतः, टेबलावर हात ठेवून, आधी दहा वेळा. ठणकलं तर दुसऱ्या दिवशी सुट्टी. हे इतकं संथ आणि कंटाळवाणं काम असतं की बघणाऱ्याला वाटतं, बाई पगार घेते आणि माणसाला टेबल पुसायला लावते. सोमालाही तसंच वाटे. "बाई, यानं का होईन?" रोज विचारी. रोज मी म्हणे, "दहा झाले का?"

एका दुपारी कौसल्या दवाखान्यात डबा घेऊन आली. भात आणि वरण. सोमाने सवयीने डावा हात धुतला. मी म्हटलं, "उजव्याने बघ."

त्याने घास उचलला. कोपर दुमडत गेला, अडला. मान एवढीशी पुढे काढून त्याने तो घास तोंडात घातला. चावायचं विसरून तो तसाच बसला. कौसल्येने पदर तोंडाला लावला आणि मग त्याच्यावरच ओरडली, "गिळा ना आता! पाहून का राह्यले?"

हात पूर्ण बरा झाला नाही. दुमडणं जवळजवळ पूर्ण आलं, पण सरळ करताना शेवटचा वीत-दीड वीत भाग कायमचा राहिला. डोक्यावर हात ताणून छताखाली पाचर ठोकायचं काम त्या कोपराने होणं शक्य नव्हतं. डॉक्टरसाहेबांनी मॅनेजरशी भांडून त्याला वरच्या लाकूड-यार्डात घेतलं. तिथे खांब मापून करवतीने कापायचे. नोकरी राहिली, खोलीही राहिली. सोमा मात्र खूश नव्हता. खाली उतरणाऱ्या टिंबरमनला जो मान असतो, तो यार्डात नसतो.

एकदा यार्डाजवळून जाताना तो मला म्हणाला, "बाई, तुम्ही पयलेच सांगतलं असतं का चोळू नका, तं हात पुरा आला असता ना?"

मी म्हणणार होते, सांगितलं होतं. मग आठवलं. सांगितलं होतं ते डॉक्टरांना. सोमाला मी पहिल्या दिवशी सहा व्यायाम दाखवले, ते पाठ करून घेतले आणि घरी पाठवलं. मालिशचं नाव काढलं नाही, कारण मी मालिशवाली नव्हते आणि तो विषयच मला नको होता. तीन सोमवार गरम कोपर हातात धरून मी त्यालाच खोटं पाडत होते. त्याच्या घरी कोण काय करतं हे विचारायला मला महिना लागला.

"हो," मी म्हटलं. "आला असता."

त्याने मान हलवली आणि करवत उचलली.

त्यानंतर नवीन रुग्णाला मी एकट्याला टेबलावर घेतलं नाही. बरोबर आलेल्यांनाही आत बोलावलं. काय करायचं ते एका माणसाला सांगितलं तर भागतं. काय करायचं नाही ते सगळ्या घराला सांगावं लागतं, आणि दवाखान्यात तर साहेबांपासून सुरुवात करावी लागते.